चौथीची पाठवणी

अर्नाळ्याच्या किल्ल्यावरून आजवर जेवढ्या पोरी लग्न होऊन गेल्या असतील, त्याहून जास्त पोरं-पोरी आमच्या शाळेच्या बाईंनी सासरी पाठवली आहेत, आणि तीसुद्धा एकाचंही लग्न न लावता. हे वाचून कोणाला वाटेल, म्हातारा बरळतो आहे. म्हातारा आहे ते खरं. पण मी सारा जन्म होडीचा तांडेल होतो. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य, ज्याच्या शब्दाशिवाय जाळं पाण्यात पडत नाही. तांडेल बरळला तर माणसं बुडतात, म्हणून ती सवय मला लागली नाही. शाळा म्हणाल तर दुसरी झालो आणि तिसरीचा फळा लांबून पाहिला, तोवर बापाने होडीवर घेतलं. त्यामुळे लिहायला मला वेळ लागतो, पण एकदा लिहिलेलं मी खोडत नाही.

किल्ल्याचं हे आमचं बेट किनाऱ्याच्या इतकं जवळ आहे की वारा इकडचा असला तर पलीकडच्या बाजारातली भांडणं घरबसल्या ऐकू येतात, आणि इतकं लांब आहे की होडीशिवाय मिठाचा खडासुद्धा येत नाही. धक्का नाही. गुडघाभर पाण्यात उतरायचं, चपला हातात धरायच्या आणि होडीच्या कडेवरून आत पाय टाकायचा. ह्या बेटावर सरकारने घाटावरची बाई पाठवली. सांगलीकडचं कुठलंसं गाव. नवरा मुंबईत कारकून, बिऱ्हाड विरारला चंदनसारमध्ये. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर उभ्या राहून बाईंनी समुद्राकडे पाहिलं आणि शेजारच्या कोळणीला म्हणाल्या, "एवढं पाणी आणि उपयोग काय? पिता येत नाही, ऊस होत नाही!" कोळणीने हे वाक्य दुपारपर्यंत सगळ्या बेटावर वाटलं.

पाण्याला त्या जितक्या भ्यायच्या तितकं मांजरही भीत नाही. होडीत बरोबर मधोमध बसायच्या, छत्री उन्हातही मिटलेली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, डोळे गच्च बंद आणि तोंडाने पाढे. मोठमोठ्याने. होडीवाल्याला आधी वाटलं मंत्र चाललेत, त्याने हात जोडले. पुढे त्याला त्याची सवय झाली, आणि सवयीतून शास्त्र निघालं. तेविसाच्या पाढ्याला होडी लागली की तो म्हणायचा, आज पाणी गरीब हाय. एकोणतिसाच्या पुढे बाई गेल्या की गावात निरोप, जाळी काढून घ्या रे. रेडिओवरच्या हवामानापेक्षा बाईंचे पाढे खरे निघायचे. मी एकदा विचारलंच, "बाई, एवढा जीव जातो तर बदली मागून घे ना." आमच्या बोलीत अहो-जाहो नाही. देवालाही आम्ही अरे-तुरेच करतो, मग बाईंना कुठून वेगळं? पहिल्या महिन्यात त्यांना त्याचा राग यायचा, नंतर कोणी चुकून 'तुम्ही' म्हणालं तर त्या विचारायच्या, माझं काही चुकलं का? तर बदलीचं. त्या म्हणाल्या, "मागते की दर वर्षी. पण मार्चमध्ये अर्ज केला की एप्रिलात चौथीचं बघायचं असतं. मग अर्ज मीच परत घेते."

हे 'चौथीचं बघायचं' म्हणजे काय ते सांगण्यासाठीच एवढं लिहायला बसलो.

आमच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग. पाचवीसाठी पोराने पाणी ओलांडून किनाऱ्यावरच्या मोठ्या शाळेत जायचं. बाकीच्या शाळांत वर्ष आपोआप संपतं. परीक्षा झाली, महाराष्ट्र दिनाला झेंडा लावला, निकाल वाचला, दाराला कुलूप. बाईंच्या मते वर्ष असं संपत नसतं, ते उजवावं लागतं, लेक उजवतात तसं. मार्च लागला की त्यांची भाषाच बदलायची. "तांडेल, यंदा चौथीत आठ उपवर आहेत हो," असं त्या भर रस्त्यात सांगायच्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या समोर हे वाक्य निघालं, तेव्हा साहेब चहा टाकून उठलेच होते. त्यांना बसवून सगळं समजावून सांगण्यात तपासणीचा वेळ संपला आणि शेरा चांगला मिळाला.

ह्या लग्नघाईत पहिला मान किल्ल्या सोपवण्याचा. सासरी जाणारी लेक धाकटीला चूल शिकवूनच जाते, तसं चौथीतल्या प्रत्येकाने आपलं काम तिसरीतल्या एकाला महिनाभर शिकवायचं, असा बाईंचा कायदा. कोणाकडे पाण्याचा माठ, कोणाकडे झाडू. शाळेला लागूनच आमचे बोंबील वाळतात, त्यामुळे कावळे वर्गात येऊन बसतात, म्हणून कावळे हाकणारा एक कायमचा नेमलेला. सगळ्यात मोठा मान घंटेचा. घंटा म्हणजे फुटलेल्या होडीच्या इंजिनाचा पितळी पंखा, दोरीने टांगलेला. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी तो माझ्या नातीकडे, हर्षलाकडे होता. सकाळी ती टोला द्यायची तेव्हा पलीकडची माणसं घड्याळं लावायची, असं मी म्हणतो आणि ते कोणी खोटं पाडून दाखवावं. पण पंखा दुसऱ्याला द्यायची वेळ आली तेव्हा ही पोर हातोडी सोडीना. "बाई, त्याचा हात हलका हाय. पंखा वाजत नाय, खोकतो." बाई म्हणाल्या, "तू आलीस तेव्हा तुझ्या हातून तर शिंकायचा. शिकव." महिनाभर आमच्या बेटावर वेळी-अवेळी शाळा भरत आणि सुटत होती. कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलं.

मग हळद. नवरीला नव्हे, फळ्याला. पुढच्या वर्षासाठी फळा काळा करायचा, तर संपलेल्या सेलांतली काळी पूड आणि भोपळ्याच्या पाल्याचा रस असं वाटण लागतं. प्रत्येक पोराने घरून संपलेले सेल आणायचे. आता संपलेला सेल कुठला आणि चालता कुठला, हे हर्षलाने आपल्या मनाशी ठरवलं. पहाटे मी होडी बघायला निघालो आणि विजेरी दाबली तर उजेडाचा पत्ता नाही. आत बघतो तर विजेरी रिकामी. तसाच शाळेवर गेलो. बाई कोपरापर्यंत काळ्या झालेल्या, कपाळालाही एक बोट लागलेलं, आणि भोवती पोरं अशी की कोण कोणाचं ते त्यांच्या आयांनीही ओळखलं नसतं. मी म्हटलं, "बाई, माझे सेल दे." बाईंनी फळ्याकडे हात केला. "तिथे आहेत. घ्या उतरवून." मी म्हटलं, "ते नवे होते!" तर म्हणतात, "म्हणूनच रंग असा चढलाय. तांडेल, हळद लागलेली मुलगी आणि सेल लागलेला फळा परत घेत नाहीत." फळा खरंच कोळशाहून काळा दिसत होता.

जाणाऱ्यांचं करता करता येणाऱ्यांचंही चालू. पहिलीत यायचं पोर म्हणजे घरात यायची सून, म्हणून बाई घरोघर जाऊन बघणार. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की पोर सहा वर्षांचं झालं, मग ते कधी का जन्मलेलं असेना. आमच्यात जन्म तारखेने लक्षात राहत नाही, पाण्याने राहतो. पापलेट मुबलक लागलं त्या साली, नाहीतर थोरल्याची होडी खडकावर चढली त्याच्या पुढच्या महिन्याला. अशा सगळ्यांना बाईंनी एक जून ही तारीख देऊन टाकली. आधीच्या मास्तरांनीही तेच केलं होतं. त्यामुळे आमचं निम्मं बेट एक जूनला जन्मलेलं आहे, मीसुद्धा. त्या दिवशी बाई सुट्टी असूनही पातेलंभर शिरा घेऊन पाढे म्हणत यायच्या आणि आज्यापासून नातवापर्यंत सगळ्यांना एकाच चमच्याने वाढदिवस वाटायच्या. आमच्या घरी तो शिरा आम्ही सुक्या जवळ्याबरोबर खायचो. हे बाईंनी एकदा डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर शिऱ्यात वेलची घालायचं बंद केलं.

पण ह्या सगळ्यावर कळस म्हणजे सासर बघायला जाणं. चौथी ज्या मोठ्या शाळेत जाणार, ती शाळा बाई दर एप्रिलात स्वतः जाऊन बघायच्या. आगाऊ कळवायचं नाही, कारण सांगून गेलं की चादरी बदललेल्या असतात. आणि एकट्याने जायचं नाही, मुलीकडचं कोणी वडीलधारं संगती हवं. त्या साली त्यांनी मला विचारलं, आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते. कारण आठ उपवरांपैकी एक माझी नात होती आणि तिला मी पाठवणार नव्हतो.

मुलीने शिकू नये असं मी कधी म्हटलेलं नाही, आणि म्हणालो असं कोणी सांगितलं तर ते खोटं. माझं म्हणणं पाण्याबद्दल होतं. ज्या पाण्याने मला जन्मभर भात-मासा दिला त्याला मी ओळखतो, आणि ओळखतो म्हणूनच त्याच्यावर विश्वास टाकत नाही. वैतरणा नदीचं तोंड जवळ. ओहोटीला पाणी बाजूला ओढतं. पावसाळ्यात सकाळी गप्प असलेला समुद्र शाळा सुटायच्या वेळेला उभा राहतो. अशा पाण्यावरून दहा वर्षांची पोर रोज न्यायची आणि रोज आणायची? माझा मुलगा होडीवर, सून मासे विकायला बाजारात. पोर अडकली तर तिच्यासाठी धावणार कोण? मी घरात सांगून टाकलं होतं, चौथी झाली, बस झालं. हर्षला त्या दिवसापासून पंखा जरा जास्त जोरात वाजवू लागली.

बाईंना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता वाद होणार. मी तयारीत होतो. पण बाई म्हणाल्या, "नका पाठवू. तुमचं पाणी, तुमची नात. पण उरलेल्या सातांसाठी तरी माझ्याबरोबर चला. वडीलधारी बेटावर खूप आहेत, पण सगळी पहिल्या चहाला विरघळतात. मला कोणी खडूस माणूस हवाय."

आता खरं ते खरं. खडूस म्हणाल तर माझ्यासारखा दुसरा नाही. मी हो म्हणालो.

लग्नाचा काळा कोट काढला, टोपी घातली. बाईंनी पेढ्यांचा पुडा घेतला. मोठ्या शाळेत शिरलो तेव्हा हेडमास्तर खिडकीशी बसून परीक्षेचे पेपर तपासत होते. बारीक अंगाचे, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी माझ्या कोटाकडे पाहिलं, पेढ्यांकडे पाहिलं आणि उठून उभे राहिले. "आपण?"

"आम्ही मुलींकडचे," बाई म्हणाल्या.

"कुठल्या मुली?"

"आधी बसायला तर सांगा."

सरांनी बसवलं. ते बहुतेक नव्याने बदलून आले असावेत, जुन्यांना बाईंची ओळख होती. बाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "आमच्याकडून तांडेल बोलतील." आणि त्या भिंतीवरचा नकाशा बघत बसल्या.

मी आधी पाणी मागितलं. पाणी पिऊन घराची पारख होते. "मचूळ हाय," मी म्हटलं. सर म्हणाले, उन्हाळ्यात विहीर खाली जाते. मी म्हटलं, "विहीर खाली जाते तर माठ वर ठेव, गाळून घे." मग वर्ग बघितले. खिडक्या बऱ्या होत्या. मग मागे गेलो. मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नव्हती, सुतळी बांधलेली होती.

"मास्तर, ह्या दाराला कडी कुठं हाय?"

"आजोबा, ग्रँट आली की सगळी दारं..."

"लगीन ग्रँटवर थांबत नाय. जूनच्या आत कडी पायजे."

सर म्हणाले, बघतो. मी म्हटलं, बघतो नको, हो म्हण. ते हो म्हणाले. मी म्हटलं, दुसरी गोष्ट. "आमची पोरं घड्याळावर येत नाय, भरतीवर येतात. उशीर झाला तर भायेर उभं करायचं नाय." सर हो म्हणाले. त्यांना वाटलं असेल, सुटलो. पण माझी खरी गोष्ट आता येणार होती. "आणि मास्तर, पानी उठलं आन् होडी सुटली नाय, तर पोरी ऱ्हातील कुठं?"

ह्यावर सरांनी चष्मा काढला आणि पुसला. मला वाटलं, आता म्हणतील तो आमचा प्रश्न नाही. पण ते म्हणाले, "माझं घर शाळेच्या मागेच आहे. बायको आहे, दोन मुली आहेत. आमच्याकडे राहतील."

मी विचारलं, "घरात रांधता काय?"

"आम्ही शाकाहारी आहोत."

"मंग मेल्या पोरी! आमच्या हर्षलाला सुकटीबिगर घास उतरत नाय. सुकट संगती देऊ. तव्यावर नुसती परतायची, जड काय नाय."

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सुकटीचा वास एकदा घरात शिरला की गणपतीपर्यंत मुक्काम करतो, हे त्यांना किनाऱ्यावर राहून कळलं असणार. त्यांनी दाराबाहेर अंगणाकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "मागच्या अंगणात चूल मांडता येईल." त्यानंतर शिपायाने चहा आणला, बाईंनी पेढ्यांचा पुडा फोडला, आणि आम्ही सगळ्यांनी तोंड गोड केलं.

परतताना होडी मध्यावर आली तरी पाढे सुरू झाले नाहीत. बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "तांडेल, त्या सातांत हर्षला कुठली हो?"

"कुठली हर्षला?"

"जिला सुकटीशिवाय घास उतरत नाही ती."

मी होडीवाल्याकडे पाहिलं. तो मेला दुसरीकडे बघून हसत होता.

"तोंडातून गेलं," मी म्हटलं.

"तोंडातूनच जातो ना शब्द? तुम्ही अटी घातल्या, त्यांनी मान्य केल्या, चहा झाला, पेढा झाला. तुमच्या जमातीत ह्याला काय म्हणतात?"

आमच्यात समोरच्या घरचा चहा प्यायला की सोयरीक झाली. मग शब्द फिरवला तर जमातीच्या बैठकीत उभं राहावं लागतं, आणि बैठकीपेक्षा बायकांच्या तोंडांची भीती जास्त. बाईंना हे सगळं ठाऊक होतं. घाटावरची बाई, पाण्याला भिणारी, आणि मला माझ्याच जाळ्यात ओढून बसली होती. पण मीही तांडेल. मी म्हटलं, "कडी लागू दे. लागली तर बघू."

"लागेल," बाई म्हणाल्या, आणि मग दोनाचा पाढा सुरू केला.

निकाल लागला. आठही पास. बाई मे महिन्यात गावी गेल्या. पावसाआधी होड्या वर ओढायला दोर लागतो, तो आणायला म्हणून मी एकदा किनाऱ्यावर गेलो आणि पाय सहज मोठ्या शाळेकडे वळले. दाराला सुतळी होती तशीच. आता मला आनंद व्हायला हवा होता, कारण माझंच खरं झालं होतं. पण झाला नाही. घरी येऊन मी सांगितलं, कडी नाय, सोयरीक मोडली. हर्षला वाळलेले बोंबील काठीवरून सोडवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आजा, कडी नसली तर आमी दार धरू ना. एक आत, एक भायेर. सगल्या तसंच करतात."

"तुला कोन सांगलं?"

"बाईनी. त्यांच्या शालेत पन नव्हती."

त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही, आणि त्यात सुकटीचा दोष नव्हता.

जूनच्या सुरुवातीला बाई आल्या. मी होडीच्या सावलीत जाळं विणत होतो. त्यांना कडीचं सांगितलं. मला वाटलं, आता काहीतरी नवीन काढतील. पण बाई वाळूत बसल्या, छत्री बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "तांडेल, तुमचं खरं. मीच नीट पारखलं नाही. हर्षलाला राहू द्या घरी."

इतक्या वर्षांत ह्या बाईशी मी सेलांवरून भांडलो, शिऱ्यावरून भांडलो, आमचं पाणी मोठं की त्यांचा ऊस ह्यावरून भांडलो. त्या कधी 'तुमचं खरं' म्हणाल्या नव्हत्या. माझा संताप झाला. माझ्यासमोर चहा पिऊन, माझ्या अटीला हो म्हणून, तो मास्तर कडी लावत नाही म्हणजे काय? तांडेलाची अट कोणी पाळली नाही तर ती तांडेल पाळून घेतो. मी घरात जाऊन जुन्या होडीच्या केबिनची पितळी कडी शोधली, जाड, खाऱ्या पाण्यानेही न गंजलेली. स्क्रू घेतले, पेचकस घेतला आणि होडीत बसलो. बाईंनी हाक मारली, "कुठे निघालात?" मी म्हटलं, "रुखवत द्यायला."

शाळेच्या मागे गेलो तर हेडमास्तर तिथेच उभे. बाह्या वर सारलेल्या, एका हातात नवी लोखंडी कडी, दुसऱ्या हातात पेचकस. "सुतार उद्या येतो, उद्या येतो म्हणतोय," ते म्हणाले, "मग म्हटलं, आपणच..." त्यांनी माझ्या हातातली कडी बघितली. मी त्यांच्या हातातली बघितली. ते म्हणाले, "आजोबा, कुठली लावायची?" मी म्हटलं, "दार धर." एक वर लावली, एक खाली. त्या दाराला अजून दोन कड्या आहेत. मग सरांनी मला मागचं अंगण दाखवलं. तीन विटांची चूल मांडलेली होती.

बाई पुढे बदलून गेल्या. त्या साली अर्ज परत घ्यायचं राहिलं की नवऱ्याने घेऊ दिलं नाही, कोण जाणे. आता शाळेत नवे गुरुजी आहेत. चांगले आहेत, वर्ष वेळेवर संपवतात. माणूस चांगला असला की त्याच्याशी भांडायला काही मिळत नाही, हीच पंचाईत.

मला आठवते ती कड्या लावल्या त्याच जूनमधली, शाळा उघडायच्या दिवसाची सकाळ. बाई ज्या होडीने आल्या त्याच होडीने पाचवीची पोरं जायची होती. बाई पाण्यात उतरल्या, साडी गुडघ्याशी धरून. पोरं चढू लागली. बाईंनी एकेकाला हात दिला, एकेकाच्या गळ्याचं बटण लावलं, कोणाला काही उपदेश केला नाही. हर्षला शेवटची चढली. तिचं दप्तर मी दिलं. ती पुढच्या बाजूला जाऊन बसली, जिथे पाणी अंगावर उडतं तिथे. होडी सुटली.

वर शाळा भरली. तिसरीतून चौथीत गेलेल्या पोराने टोला दिला, बरा दिला. मी म्हटलं, "बाई, शाळा भरली."

"भरू दे," बाई म्हणाल्या, आणि गुडघाभर पाण्यात तशाच उभ्या राहिल्या. पाण्याला भिणारी बाई, लाट येऊन साडी भिजवून गेली तरी मागे सरली नाही. होडी लहान होत गेली. मी हात वर करून ठेवला होता. म्हटलं, एकदा वळून बघेल. होडी वाळूला लागली, पोरं उतरली, पाठमोरी चालू लागली. एकानेही वळून पाहिलं नाही.

मी हात खाली घेतला. म्हटलं, "ऊन डोळ्यांवर येतंय. दिसत नसल तिला."

बाई म्हणाल्या, "हो. ऊन फार आहे."

आभाळ तर सकाळपासून गच्च भरलेलं होतं.